बातम्यांच्या वेळेला गाणी

आमच्या सोसायटीच्या गेटवरच्या वॉचमनना सगळे बहादूर म्हणतात. त्यांचं नाव बहादूर नाहीये. मीही नऊ-दहा वर्षं बिनदिक्कत तेच म्हणत होते, मग एकदा त्यांची बायको, ती आमच्या विंगमध्ये चार घरी कामाला येते, भांडी घासता घासता हसत म्हणाली, "दिदी, इनका नाम तो अलगच है, बहादूर तो बंबई का नाम है." इतकी लाज वाटली की काय सांगू. तेव्हापासून मी दाजू म्हणते, म्हणजे नेपाळीत मोठा भाऊ, आणि ते मला दिदी म्हणतात, वयाने मी लहान असून. असो.

तर दाजूंच्या केबिनमध्ये पहाटे पावणेसहाला मोबाईलवर रेडिओ लागतो. पावणेसहालाच, कारण नेपाळचं घड्याळ आपल्यापेक्षा पंधरा मिनिटं पुढे, तिकडचे सहा वाजले की इकडे पावणेसहा. मी त्याच वेळेला वॉकला निघते, नेरूळची ती शांत वेळ, रस्त्यावर फक्त दूधवाले आणि डायबेटिसवाले, आणि त्या शांततेत गेटवर एक बाई खणखणीत नेपाळीत बातम्या देत असते. मला वाटायचं गावाची आठवण येते म्हणून लावत असतील, आपण नाही का परदेशात गेलेल्या पोरांना बघतो, इथे असताना कधी मराठी गाणं ऐकलं नाही आणि तिकडे गेल्यावर अभंग लावतात, तसं काहीतरी. तसं नव्हतं ते. ते कळलं गेल्या सप्टेंबरमध्ये, म्हणजे 2025 च्या गणपतीत.

आमचा सोसायटीचा गणपती दहा दिवसांचा. (पाच दिवसांचा करा म्हणून दरवर्षी मीटिंगमध्ये भांडण होतं आणि दरवर्षी दहा दिवसांचाच होतो.) अनंत चतुर्दशीला, 6 सप्टेंबरला, शनिवारी, टेम्पो सजवून झाला, ढोलवाली पोरं आली, आणि दाजू कठड्यावर उभं राहून मोबाईल वर धरून सारखं काहीतरी करतायत. त्यांची मुलगी तिकडे बुटवलला शिकते, तिला दरवर्षी विसर्जन व्हिडिओ कॉलवर दाखवायचं हा त्यांचा नेम. कॉल लागेना. मी म्हटलं नेट गेलं असेल, गर्दीत जातं. तर म्हणाले, "नाही दिदी, सरकारने बंद किया." नेपाळ सरकारने दोन दिवसांपूर्वी, 4 सप्टेंबरला, सव्वीस अ‍ॅपवर बंदी घातली होती, फेसबुक, इन्स्टाग्राम, यूट्यूब, व्हॉट्सअ‍ॅप सगळं त्यात. नोंदणी केली नाही म्हणून. ज्यांनी नोंदणी केली होती ती टिकटॉक, व्हायबरसारखी मोजकी चालू. मग त्यांच्या भाच्याने तिथल्या तिथे मोबाईलमध्ये व्हायबर टाकून दिलं, पण तोवर मूर्ती टेम्पोत चढली होती आणि गुलालाने स्क्रीन लाल झाली होती.

सोमवारी 8 तारखेला तिकडे काय झालं ते सगळ्यांनी बघितलंच. काठमांडूत शाळा-कॉलेजची पोरं रस्त्यावर उतरली, पोलिसांनी गोळ्या झाडल्या, एका दिवसात एकोणीस जण गेले. रात्री बंदी उठवली पण आता त्याचा काय उपयोग, दुसऱ्या दिवशी पंतप्रधान ओलींनी राजीनामा दिला, संसद जाळली, सिंहदरबार म्हणजे त्यांचं मंत्रालय जाळलं, सुप्रीम कोर्ट जाळलं, आणि कान्तिपुर म्हणून तिकडचा सगळ्यात मोठा मीडिया ग्रुप आहे, त्यांची बिल्डिंगही पेटवली. आमच्या ग्रुपवर लगेच फॉरवर्ड सुरू, कोणी म्हणे ह्याचा हात कोणी म्हणे त्याचा हात, आमच्या मजल्यावरच्या एका काकांना तर सगळं आधीपासूनच माहीत होतं.

त्या रात्री मी साडेदहाला ऑफिसमधून आले (क्वार्टर एंडची तयारी, तुर्भ्याहून यायला कितीसा वेळ लागतो, पण काम सुटेल तर ना), तर केबिनमध्ये सहा-सात नेपाळी माणसं. बाजूच्या सोसायटीचे वॉचमन, कोपऱ्यावरच्या चायनीज गाडीवरची दोन पोरं, अजून कोणी. एक मोबाईल मध्ये स्टीलच्या डब्यात ठेवलेला, आवाज मोठा यावा म्हणून, आणि सगळे त्या डब्याभोवती. प्रत्येकाच्या हातात स्वतःचा फोन होता, त्यावर जळणाऱ्या बिल्डिंगचे व्हिडिओ एकामागून एक येत होते, पण ते बघून झालं की परत कान डब्याकडे. मी विचारलं टीव्हीवर चाललंय की सगळं, रेडिओ कशाला? दाजू म्हणाले, "व्हिडिओ में आग दिखती है दिदी. कौनसे गाँव का रास्ता बंद है, कर्फ्यू कितने बजे तक है, ये रेडिओवाला बोलता है."

हे वाक्य माझ्या डोक्यात बसलं.

मग पुढचे काही दिवस मी रोज पाच-दहा मिनिटं तिथे थांबायला लागले, आणि त्यांनी मला तुकड्यातुकड्यात जे सांगितलं ते ऐकून मी घरी येऊन शोधत बसायचे. म्हणून ही पोस्ट एवढी लांबणार आहे, आधीच सांगते, चहा घेऊन बसा.

नेपाळमध्ये 1960 ते 1990 अशी तीस वर्षं पंचायत राजवट होती, नाव पंचायत पण पक्षांना बंदी आणि सगळी सूत्रं राजाच्या हातात. रेडिओ एकच, सरकारी रेडिओ नेपाळ. 1990 ला आंदोलन झालं, लोकशाही आली, नवीन घटना आली, 1993 ला प्रसारणाचा कायदा आला ज्यात कागदावर खाजगी लोकांनाही रेडिओ काढायची मुभा होती. कागदावर. कारण वर्तमानपत्र काढू देणं वेगळं आणि रेडिओ काढू देणं वेगळं, पेपर वाचायला अक्षरओळख लागते, तो डोंगरावर पोचेपर्यंत शिळा होतो, रेडिओ मात्र शेळ्या राखणाऱ्याच्या खांद्यावरही वाजतो. निवडून आलेल्या सरकारांनाही त्याची धास्ती वाटत होती हे मला फार इंटरेस्टिंग वाटलं, म्हणजे राजाची सत्ता गेली तरी राजाचा रेडिओ सोडवत नाही कोणाला. पर्यावरणावर लिहिणाऱ्या पत्रकारांची एक संघटना आणि भारतदत्त कोइरालांसारखी माणसं ह्यांनी वर्षानुवर्षं मंत्रालयाच्या पायऱ्या झिजवल्या, युनेस्कोने मदत केली, आणि मे 1997 मध्ये रेडिओ सगरमाथाला लायसन मिळालं. एफएम 102.4. दक्षिण आशियातला पहिला स्वतंत्र सामुदायिक रेडिओ. सुरुवातीला दिवसाला दोन तास आणि अट अशी की बातम्या द्यायच्या नाहीत! कोइरालांना पुढे 2002 ला मॅगसेसे मिळालं. पण त्या अटीखाली ह्या लोकांनी काय केलं, तर बातमी म्हणायचंच नाही. चर्चा म्हणायचं, माहिती म्हणायचं, शहराची हवा का खराब झाली ह्यावर कार्यक्रम करायचा आणि त्यात हळूच विचारायचं की ह्याला जबाबदार कोण. आपल्याकडच्या बायका नाही का, सासूचं नाव न घेता सासूबद्दल तासभर बोलतात, तसं.

आणि मग गावोगावी पीक आलं. दाजू पाल्पा जिल्ह्यातले, तानसेनच्या खालच्या अंगाचे. त्यांच्या शेजारच्या मदनपोखरा गावाने 2000 साली स्वतःचा रेडिओ काढला, आणि लायसन कोणाच्या नावावर, तर गावाच्या विकास समितीच्या, म्हणजे आपल्या भाषेत ग्रामपंचायतीच्या. ग्रामपंचायतीचा रेडिओ! आपल्या ग्रामपंचायतीला एलईडी दिवे बसवायचे तर किती वर्षं जातात. दाजूंची आई रोज भात शिजवताना एक मूठ तांदूळ बाजूला काढायची, रेडिओसाठी. मुठी दान म्हणतात. ते गोळा करायचे, विकायचे, त्या पैशात रेडिओला हातभार. हे ऐकल्यावर माझ्या अंगावर काटा आला, कारण हे मी आधी ऐकलेलं होतं, माझी आजी साताऱ्याकडची, तिच्या तोंडून, कर्मवीर भाऊराव पाटलांच्या वसतिगृहातल्या पोरांसाठी बायका दळायच्या आधी मूठभर धान्य बाजूला काढायच्या, मुष्टिफंड म्हणायचे त्याला. फरक एवढाच की आमच्याकडे मूठ शाळेसाठी आणि त्यांच्याकडे रेडिओसाठी. खरंतर फरक आहे का?

मी दाजूंना विचारलं, काय असायचं त्या रेडिओवर? मला वाटलं क्रांती वगैरे काहीतरी असेल. ते म्हणाले अदरकचा भाव. पाल्पाकडे आलं भरपूर पिकतं, व्यापारी गावात येऊन वाट्टेल तो भाव सांगायचे, रेडिओवर बाजारातला भाव कळायला लागला तसा आईने एका व्यापाऱ्याला दारातून परत पाठवला. मग कोणाची म्हैस हरवली, शाळेत मास्तर आले नाहीत, हेल्थ पोस्टवर औषध आलंय का, कुठल्या रस्त्यावर पहिरो म्हणजे दरड पडली. आणि महिन्यातून एकदा समितीच्या अध्यक्षाला स्टुडिओत बसवायचे आणि लोक विचारायचे पाण्याच्या टाकीचे पैसे कुठे गेले. अध्यक्ष घाम पुसतोय हे रेडिओवर दिसत नाही, पण आवाजात कळतं म्हणे.

आता इथे मला माझं पाण्याचं रडगाणं गायलंच पाहिजे. त्याच्या आधीच्या उन्हाळ्यात आमच्याकडे अडीच दिवस पाणी नव्हतं. कारण कोणाला माहीत नाही. मोरबे धरणात पाणी आहे हे पेपरमध्ये आलेलं, मग नळाला का नाही? हेल्पलाईनला फोन केला तर उचलणाऱ्याने मलाच विचारलं, तुमच्याकडे पण नाही का? ग्रुपवर एकाने टाकलं पाईप फुटलाय, दुसऱ्याने टाकलं मुद्दाम बंद केलंय टँकरवाल्यांसाठी, तिसऱ्याने रात्री अकराला टाकलं की जे पाणी येईल त्यात केमिकल आहे, पिऊ नका, आणि सकाळी सेक्टरमधल्या सगळ्या दुकानांतले वीस लिटरचे जार संपलेले, मी स्वतः दुप्पट पैसे देऊन एक आणला, खोटं कशाला बोलू. केमिकल-बिमिकल काही नव्हतं. आणि ह्या अडीच दिवसांत माझ्या किचनमध्ये एफएम अखंड चालू होता. त्यावर एक मुलगा लोकांना खोटे फोन करून रडवत होता, पामबीच रोडवर ट्रॅफिक स्लो आहे हे सांगत होता, आणि एका बिल्डरची पनवेलच्या पुढच्या घरांची जाहिरात दर आठ मिनिटांनी, ज्यात चोवीस तास पाणी.

त्या मुलाची चूक नाही. आपल्याकडे खाजगी एफएमला स्वतःच्या बातम्या द्यायची परवानगीच नाही, फारतर आकाशवाणीचं बातमीपत्र जसंच्या तसं लावता येतं. सामुदायिक रेडिओलाही तीच गत. 2023 मध्ये ट्रायने, म्हणजे दूरसंचार आणि प्रसारणावर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, शिफारस केली होती की तासाला दहा मिनिटं तरी बातम्या देऊ द्या. शिफारस. गंमत म्हणजे आपल्याच सुप्रीम कोर्टाने 9 फेब्रुवारी 1995 ला सांगून ठेवलंय की प्रसारणाच्या लहरी ही जनतेची मालमत्ता आहे, सरकारची नाही, आणि तो निकाल लिहिणारे न्यायमूर्ती आपले पी. बी. सावंत, आणि प्रकरण कशावरून, तर हीरो कपच्या क्रिकेट मॅचेस कोण दाखवणार ह्यावरून. क्रिकेटमुळे का होईना, बोलले की. म्हणजे निकाल 1995 चा आमच्याकडे, आणि तो जगून दाखवला 1997 पासून शेजारच्या छोट्या देशाने, ज्याच्या माणसांना आपण सरसकट बहादूर म्हणतो.

हां, तर आता मुख्य गोष्ट. 1 फेब्रुवारी 2005. राजा ज्ञानेंद्रने सकाळी भाषण करून पंतप्रधान देउबांचं सरकार बरखास्त केलं, सगळी सत्ता स्वतःकडे घेतली. माओवाद्यांशी लढायचंय हे कारण. भाषण चालू असतानाच फोन तोडले, लँडलाईन, मोबाईल, इंटरनेट सगळं. दाजू तेव्हा तुर्भ्याला एमआयडीसीत एका कंपनीच्या गेटवर होते, लग्नाला दोन वर्षं झालेली, बायको गावी. ते म्हणाले आठवडाभर रोज ड्युटी संपली की एसटीडी बूथवर, तिथे नेपाळ्यांची ही रांग, प्रत्येकजण नंबर फिरवतोय आणि तीच टूँटूँटूँ, बूथवाला आण्णा शेवटी म्हणाला लागत नाही माहितेय तर कशाला पैसे घालवताय, बसा, चहा घ्या. आठवड्याने लँडलाईन सुरू झाली. पहिल्यांदा फोन लागला, शेजारच्या दुकानात, बायकोला बोलवायला पोरगं पाठवलं, ती धावत आली आणि पहिलं वाक्य काय बोलली असेल? बरी आहे नाही, तुम्ही कसे आहात नाही. म्हणाली, "रेडिओवर बातम्यांच्या वेळेला गाणी लावतायत."

कारण तेच झालं होतं. देशात तेव्हा पन्नासच्या आसपास एफएम होते, त्यातल्या कितीतरींमध्ये सैनिक जाऊन बसले, आणि हुकूम निघाला की सहा महिने बातम्या बंद, फक्त मनोरंजन. बातम्या द्यायच्या त्या सरकारी रेडिओनेच. माझ्या डोळ्यासमोर येतं ते दृश्य असं की सातची वेळ झाली, चुलीपुढे सगळे बसलेत, ओळखीची ती धून वाजायची तर त्याऐवजी कुठलंतरी प्रेमाचं गाणं. दाजूंच्या बायकोला मी परवा विचारलं कुठलं गाणं होतं ते आठवतं का. म्हणाली आठवतं, पण अजून ते लागलं की मी बंद करते.

आता जर बातम्या कधी लागल्याच नसत्या तर गाणं लागल्याचं कोणाला काय वाटलं असतं? काही नाही. 1960 मध्ये राजाच्या वडिलांनी संसद बरखास्त केली तेव्हा डोंगरातल्या माणसाला कळायलाच किती दिवस लागले असतील. 2005 ला मात्र स्वयंपाकघरातल्या बाईला त्याच दिवशी कळलं की आपलं काहीतरी काढून घेतलंय. पाच वर्षं म्हशीच्या आणि आल्याच्या बातम्या ऐकून ऐकून ही सवय लागली होती. लोक लोकशाही म्हटलं की मोर्चे आणि भाषणं म्हणतात. मी आल्याचा भाव म्हणते. भांडा माझ्याशी.

मग पत्रकारांनी काय काय केलं ते वाचून मी ऑफिसमध्ये एकटीच हसत होते. बातम्या वाचायच्या नाहीत ना, ठीक आहे, गातो. बातम्यांना चाल लावून गायल्या! त्यांच्याकडे गंधर्व म्हणून समाज आहे, सारंगी घेऊन गावोगाव फिरून गाण्यातून खबर सांगणारे, म्हणजे आपला शाहीर आणि वासुदेव मिळून एक म्हणा, तेव्हा ऐकणाऱ्यांना त्यात नवल वाटण्यासारखं काही नव्हतं, परत जुन्या वाटेला लागले एवढंच. काही ठिकाणी चौकात उभं राहून मायकवरून बातम्या वाचल्या, प्रसारण नाही म्हणे हे, रस्त्यावर बोलतोय. आणि इंग्रजी पेपरने अग्रलेख काय लिहिला, तर मोजे स्वच्छ ठेवण्याबद्दल. सेन्सॉर बसलाय डोक्यावर, राजकारण लिहायचं नाही, मग घ्या, मोजे! वास कुठून येतोय ते वाचणाऱ्याला बरोब्बर कळलं असणार.

पण नुसती गंमत नव्हती. कितीतरी रेडिओ पत्रकारांच्या नोकऱ्या गेल्या, बातम्याच नाहीत तर बातमीदार कशाला. खेड्यांतले रेडिओ तर दुहेरी कात्रीत, इकडून सैन्य आणि तिकडून माओवादी, दोघांनाही वाटायचं हा दुसऱ्याचा. माझं स्वतःचं मत असं की शेवटी वाचवलं ते चिवटपणाने आणि कोर्टाने, शौर्याने कमी. रेडिओवाल्यांनी एकत्र येऊन स्वतंत्र रेडिओ वाचवा म्हणून मोहीम काढली, नेपाळ एफएम नावाच्या स्टेशनने बंदी मोडून बातम्या दिल्या, सरकारने लायसन का रद्द करू नये अशी नोटीस काढली, ते कोर्टात गेले, आणि 10 ऑगस्ट 2005 ला सुप्रीम कोर्टाने अंतरिम आदेश दिला की बातम्या थांबवू नका. राजाच्या काळात, राजाच्या देशात, कोर्ट हे म्हणालं! मग बाकीच्यांनी पण सुरू केल्या. सरकार गप्प बसलं नाहीच, ऑक्टोबरमध्ये वटहुकूम आणला, रात्री कान्तिपुर एफएमवर सशस्त्र पोलीस घुसले आणि प्रसारणाचं सामान उचलून नेलं, 27 नोव्हेंबरला रेडिओ सगरमाथावर धाड घातली कारण ते बीबीसी नेपाळीचा कार्यक्रम लावणार होते ज्यात माओवाद्यांचा नेता प्रचंडची मुलाखत होती. पाच जणांना पकडलं, मशिनं नेली. परत कोर्ट, परत सुरू.

एप्रिल 2006 ला जे आंदोलन झालं, एकोणीस दिवस, कर्फ्यू लागलेला आणि तरी लाखो लोक रस्त्यावर, त्यात हे रेडिओ तासातासाला सांगत होते कुठे काय चाललंय. 24 तारखेला राजाने संसद परत बोलावली. 2008 च्या मे महिन्यात राजेशाहीच गेली. मी असं म्हणत नाही की रेडिओने राजा घालवला, राजा घालवला लोकांनी, आणि पक्षांनी, आणि त्या दहा वर्षांच्या यादवीत जे हजारो मेले त्यांच्या थकव्याने. पण तिकडच्या बायकांना कर्फ्यू किती वाजता उठणार हे रेडिओ सांगत होता आणि त्या त्यावर विश्वास ठेवून घराबाहेर पाऊल टाकत होत्या.

मी हे सगळं ठाण्याला नौपाड्यात गेले तेव्हा बाबांना सांगितलं. बाबा ब्याऐंशीचे आहेत, फिलिप्सचा ट्रान्झिस्टर अजून उशाशी, सकाळी सात वाजून पाच मिनिटांच्या पुण्याहून लागणाऱ्या प्रादेशिक बातम्या हे त्यांचं अंघोळीआधीचं स्तोत्र. मी राजाचं सांगत होते तर ते म्हणाले, त्यात काय एवढं, आमच्याकडे पण लागली होती गाणी. आणीबाणीत म्हणे आकाशवाणीवर वीस कलमी कार्यक्रम आणि वेळेवर धावणाऱ्या गाड्या ह्याशिवाय काही नाही, लोक ऑल इंदिरा रेडिओ म्हणायचे, आणि तलावपाळीला फिरायला गेलं की एकमेकांना हळूच विचारायचे, काल रात्री बीबीसी ऐकलं का. घराच्या बातम्या सातासमुद्रापारहून. मग ते उषा मेहतांवर गेले. 1942 च्या ऑगस्टमध्ये इथे मुंबईत बावीस वर्षांची पोरगी लपवलेला ट्रान्समीटर घेऊन बसली, 42.34 मीटरवर काँग्रेस रेडिओ, पोलीस मागावर म्हणून सारख्या जागा बदलत, जेमतेम अडीच महिने चालला, 12 नोव्हेंबरला पकडले गेले, तिला चार वर्षं शिक्षा. आष्टी आणि चिमूरला काय अत्याचार झाले ते पेपर छापू शकत नव्हते, ते ह्या रेडिओने सांगितलं. बाबा म्हणाले, "आपल्याकडे पहिला स्वतंत्र रेडिओ हा, आणि स्वतंत्र झाल्यावर एकही नाही." मी म्हटलं असं कसं, टीव्ही चॅनल आहेत की इतकी. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी चहा टाकायला उठले.

आता सगळं गुडी गुडी लिहिलं तर दाजू रागावतील, कारण तक्रारी त्यांच्याकडेच जास्त आहेत. नेपाळमध्ये आज तीनशेच्या वर सामुदायिक रेडिओ आहेत, एका एका जिल्ह्यात पाच-सहा, आणि त्यातले कितीतरी ह्या नाहीतर त्या पक्षाच्या माणसांच्या हातात. लोकशाही आल्यावर पुढाऱ्यांना कळलं की राजासारखं बंद करायची गरज नाही, स्वतःचाच काढायचा. बाहेरच्या संस्थांचे पैसे यायचे ते आटले, मग जाहिराती, मग जाहिरात देणारी नगरपालिका, आणि मग तिच्याविरुद्ध बोलायचं कसं. पोरं वीस-पंचवीस वर्षांची होईपर्यंत काम शिकतात आणि कतारला जातात. मुठी दान आता आहे का विचारलं तर दाजू म्हणाले, मूठ देणारे हात सगळे बाहेर आहेत दिदी, मी इथे, भाऊ मलेशियाला. तरी 2015 च्या भूकंपात स्टुडिओच पडले तेव्हा तंबूतून चालवले होते कित्येकांनी, कुठे ताडपत्र्या मिळतायत, कुठला रस्ता उघडलाय. आणि परवाच्या सप्टेंबरमध्ये परत तो स्टीलचा डबा. पोरांनी पुढचा पंतप्रधान कोण ह्याची चर्चा डिस्कॉर्ड नावाच्या चॅट अ‍ॅपवर केली हे खरं, पण 12 तारखेला सुशीला कार्की शपथ घेतायत हे आमच्या गेटवर त्या डब्यातूनच कळलं. देशाची पहिली बाई पंतप्रधान. दाजूंच्या बायकोने त्या दिवशी आमच्याकडे भांडी घासली नाहीत, बसून फक्त चहा घेतला, आणि मी म्हटलं बरोबर आहे.

दसैंला, म्हणजे त्यांच्या दसऱ्याला, दाजू गावी गेले. कुर्ल्याहून गोरखपूर, तिथून बसने सुनौली, बॉर्डर पायी ओलांडायची. त्यांच्या जागी एजन्सीचा मुलगा आला, तो भोजपुरी गाणी लावतो, पावणेसहाला नाही, तो उठतच नाही. मी दाजूंना सांगून ठेवलं होतं की सकाळच्या बातम्या मला रेकॉर्ड करून पाठवा. आली एक क्लिप, दोन मिनिटांची, मागे कोंबडा आरवतोय, कोणीतरी लाकडं फोडतंय, आणि निवेदिका सांगतेय, मला जेवढं कळलं तेवढं, की दरडीमुळे अमुक रस्ता एकेरी चालू आहे, लसीकरण बुधवारी, आणि म्हाताऱ्यांच्या भत्त्याचे कागद वडा कार्यालयात जमा करा.

ती क्लिप मी रविवारी बाबांना ऐकवली. त्यांनी कानाचं मशीन लावून दोनदा ऐकली. आवाज स्वच्छ आहे म्हणाले, उच्चार चांगले आहेत. मग जरा थांबून विचारलं, "हे वडा कार्यालय काय आहे गं? तिथे वडे तळतात?"

वडा म्हणजे वॉर्ड, मी म्हटलं. वॉर्ड ऑफिस.

"अच्छा," बाबा म्हणाले, "आणि ते रेडिओवर सांगतात?"